उपमा, रूपक आणि माणसाची मुक्ती

(वर्षावासाच्या व्याख्यानमालेत नवदीक्षित कुटुंबांसमोर दिलेले भाषण)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. शील, शिक्षण, हक्क हे विषय विहारात शोभतात. उपमा, रूपक, कथानक, विदूषक या शाळेतल्या गोष्टींचे येथे काय काम, असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. परीक्षेत दोन गुणांसाठी पाठ करायच्या आणि परीक्षा संपताच विसरायच्या, अशीच या शब्दांची आपल्या घरांतून ओळख आहे. काव्य आणि अलंकार ही ज्यांच्या घरी पिढ्यानपिढ्या पोथ्या होत्या त्यांची मिरास, आपला तिच्याशी संबंध नाही, अशी एक समजूतही आपल्यात रुजलेली आहे.

ही समजूत आपण टाकून दिली पाहिजे. ज्या ग्रंथांच्या आधारे आपल्या पूर्वजांना गावकुसाबाहेर ठेवण्यात आले, ते ग्रंथ बव्हंशी पद्यात आहेत. आणि ज्या धम्माने आपणांस माणूस म्हणून उभे केले, त्याचे ग्रंथही गाथांनी, दृष्टांतांनी आणि कथांनी भरलेले आहेत. काव्य कसे बोलते हे ज्याला कळत नाही, त्याला आपली बेडी कोठे घडली हे कळणार नाही आणि तिची किल्ली कोठे आहे हेही कळणार नाही. म्हणून साहित्यातील नेहमीच्या काही संज्ञा घेऊन त्यांचा आपल्या जीवनाशी काय संबंध आहे, एवढेच आज मी सांगणार आहे.

'सारखा' हा एक शब्द

प्रथम उपमा घेऊ. आई म्हणते, "माझा लेक वाघासारखा आहे." ज्याच्याविषयी बोलायचे तो लेक, त्याला उपमेय म्हणतात. ज्याच्याशी तुलना केली तो वाघ, ते उपमान. दोघांत समान असलेला गुण म्हणजे शौर्य, तो साधारण धर्म. आणि दोघांना जोडणारा 'सारखा' हा साम्यवाचक शब्द. उपमेचे घटक एवढेच.

आता तीच आई जरा अधिक कौतुकाने म्हणते, "माझा लेक जणू वाघच!" ही उत्प्रेक्षा झाली. येथे 'सारखा' जाऊन 'जणू' आला. तुलना थोडी पातळ झाली आणि दोन वस्तू जवळ आल्या. यापुढे जाऊन ती म्हणते, "माझा लेक वाघ आहे." हे रूपक. येथे 'सारखा' नाही, 'जणू'ही नाही. उपमेय आणि उपमान एकरूप झाले.

परंतु आईला ठाऊक असते की आपल्या लेकाला शेपूट नाही. ऐकणाऱ्या शेजारणीलाही ते ठाऊक असते. रूपकात 'सारखा' हा शब्द ओठांवरून गळतो, पण तो बोलणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या मनात जागा असतो. कवी आणि वाचक यांच्यातील हा न लिहिलेला करार आहे. तो पाळला जातो तोवर रूपक ही भाषेची शोभा असते. तो मोडला की काय होते, याचे उदाहरण आपण पिढ्यानपिढ्या भोगले आहे.

एका रूपकाचा कायदा झाला

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात नव्वदावे सूक्त आहे. त्यास पुरुषसूक्त म्हणतात. त्यात एका विराट पुरुषाची कल्पना आहे. देवांनी त्याचा यज्ञ केला, त्याचे अवयव कोणते, असा प्रश्न तेथे विचारलेला आहे आणि उत्तर दिले आहे की ब्राह्मण हे त्याचे मुख, राजन्य हे बाहू, वैश्य त्याच्या मांड्या, आणि पायांपासून शूद्र जन्मला. याच सूक्तात चंद्र मनापासून आणि सूर्य डोळ्यापासून झाल्याचेही म्हटले आहे. सूर्य डोळ्यातून निघाला हे आज कोणी शास्त्र म्हणून शिकवीत नाही. ती कविकल्पना आहे हे सर्वांस मान्य आहे. मग त्याच सूक्तातील वर्णांचे वर्णन तेवढे अक्षरशः खरे कसे मानले गेले?

मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायात हीच कल्पना पुन्हा येते. पण तेथे ती कल्पना राहिलेली नाही. मुख, बाहू, मांड्या आणि पाय यांपासून झालेल्यांना त्यांची त्यांची कर्मे नेमून दिलेली आहेत, आणि शूद्राला वरच्या तिघांची निमूट सेवा करण्याचे एकच कर्म दिलेले आहे. म्हणजे सूक्तात जे रूपक होते ते स्मृतीत कलम झाले. मनात जागा राहायला हवा होता तो 'सारखा' हा शब्द येथे पुसला गेला. आणि ज्यांना चार वर्णांतही स्थान दिले नाही, त्या आपल्या पूर्वजांना तर या रूपकातील देहाचा एकही अवयव मिळाला नाही.

परमपूज्य बाबासाहेबांनी १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या 'शूद्र पूर्वी कोण होते?' या ग्रंथात या सूक्ताची कठोर चिकित्सा केली. समाजात जे आहे त्याचे वर्णन करणे वेगळे आणि जे आहे त्यालाच ईश्वरी आदर्श ठरविणे वेगळे, हा भेद त्यांनी उघड केला. त्याआधी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले. ज्या दिवशी कवितेचा कायदा होतो आणि त्या कायद्याने माणसाचे पाणी तोडले जाते, त्या दिवशी तो ग्रंथ काव्यशास्त्राचा विषय राहत नाही, हक्काचा विषय होतो.

अलंकाराला अलंकाराने उत्तर कसे द्यावे, हेही बाबासाहेबांनीच दाखविले. ३१ जानेवारी १९२० रोजी निघालेल्या 'मूकनायका'च्या पहिल्या अंकात त्यांनी हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली. या मनोऱ्याला मजले आहेत, पण एका मजल्यावरून दुसऱ्यावर जाण्यास जिना नाही; ज्या मजल्यावर जन्मावे त्याच मजल्यावर मरावे. पुरुषाच्या देहाचे रूपक ऐकणाऱ्याला वाटते की पाय खाली असणे स्वाभाविकच आहे. मनोऱ्याची उपमा ऐकताच मनात पहिला प्रश्न येतो, हा मनोरा बांधला कोणी आणि जिना का ठेवला नाही? एक अलंकार माणसाला झोपवितो, दुसरा जागे करतो. कोणताही अलंकार पाहताना तो प्रश्न दाबतो की उठवितो, हे आपण प्रथम पाहावे.

तथागतांच्या उपमा

आता आपल्या ग्रंथांकडे वळू. मज्झिम निकायात अस्सलायन सुत्त आहे. अस्सलायन हा सोळा वर्षांचा हुशार ब्राह्मण तरुण. पुष्कळ ब्राह्मणांनी आग्रह करून त्याला भगवंतांशी वाद करण्यास पाठविले. त्याने विचारले, ब्राह्मण म्हणतात की आम्हीच श्रेष्ठ, कारण आम्ही ब्रह्म्याच्या मुखातून जन्मलो. यावर आपले काय म्हणणे आहे?

भगवंतांनी दिलेले उत्तर साहित्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवावे असे आहे. त्यांनी विचारले, ब्राह्मणांच्या स्त्रिया ऋतुमती होतात, गर्भ धारण करतात, प्रसूत होतात, बाळाला दूध पाजतात, हे दिसते ना? मग जे इतरांप्रमाणेच आईच्या उदरातून जन्मले, त्यांनी मुखातून जन्मलो असे का म्हणावे? ज्यांनी रूपक अक्षरशः खरे मानले, त्यांच्यासमोर भगवंतांनी अक्षरशः खरे असलेले वास्तव ठेवले. आईची प्रसूती पुढे येताच मुखातून झालेला जन्म मावळला.

त्याच सुत्तात पुढे अग्नीचा दृष्टांत आहे. वरच्या कुळातील कोणी साल किंवा चंदनाच्या लाकडाने अग्नी पेटविला आणि चांडाळ कुळातील कोणी कुत्र्याच्या वा डुकराच्या द्रोणीच्या लाकडाने किंवा एरंडाच्या लाकडाने पेटविला, तर दोन्ही अग्नींच्या ज्वालेत, रंगात, प्रकाशात काही भेद असेल काय? अस्सलायनाला 'नाही' असे म्हणावे लागले. दृष्टांत म्हणजे काय, तर आपले म्हणणे पटविण्यासाठी सर्वांना परिचित असा दाखला समोर ठेवणे. चांगल्या दृष्टांताची कसोटी अशी की तो ऐकणाऱ्याला स्वतःच्या घरी पडताळून पाहता येतो. अग्नी प्रत्येकाच्या चुलीत आहे.

'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात तर मिलिंद राजा नागसेन स्थविरांना पुन्हा पुन्हा म्हणतो, की उपमा देऊन सांगा. नागसेन त्याला रथाचा दाखला देतात. चाके, आस, जू, दांडी यांपैकी कोणताही एक भाग म्हणजे रथ नव्हे. हे सर्व जोडले असता त्यास रथ हे नाव मिळते. माणूस आणि त्याचे 'मी'पण यांचेही तसेच आहे. अवघड तत्त्वज्ञान राजाच्या गळी उतरले ते तो ज्या रथात बसून आला होता त्या रथामुळे. प्रश्न विचारणाऱ्या या राजाचे नाव बाबासाहेबांनी औरंगाबादच्या आपल्या महाविद्यालयाला दिले, यातील मर्म विद्यार्थ्यांनी ओळखावे.

आणखी एक उपमा. धम्म हा तराफ्यासारखा आहे, असे भगवंतांनी सांगितले. पूर ओलांडण्यासाठी माणूस गवत, काटक्या बांधून तराफा करतो. पलीकडे गेल्यावर तो तराफा डोक्यावर घेऊन हिंडत नाही. याच सुत्तात पाणसापाचा दृष्टांत आहे. साप शेपटीकडून धरला तर उलटून दंश करतो. शिकवण चुकीच्या बाजूने धरली तर तीही धरणाऱ्याचाच घात करते. स्वतःच्या शिकवणीविषयी असे सांगणारा शास्ता विरळाच. ही शिकवण आपल्या ग्रंथांनाही लागू आहे. मार, देवपुत्र, ब्रह्मा यांचे उल्लेख बौद्ध वाङ्मयातही आहेत. मार म्हणजे मनातील तृष्णा, भय आणि मोह यांना दिलेले मनुष्यरूप. निर्जीव वस्तूला वा मनोविकाराला माणसाप्रमाणे वागविणे, या अलंकारास चेतनगुणोक्ती म्हणतात. मुलाने 'मार कोठे राहतो?' असे विचारले, तर त्याला आकाशाकडे बोट दाखवू नका. त्याच्या स्वतःच्या मनाकडे दाखवा.

गाथेतील आवाज

काव्याचा विचार करताना दुसरी संज्ञा येते ती उपरोधाची. उपरोध म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे वरकरणी मान्य करून त्यातील विसंगती उघडी करणे. थेरीगाथेत त्र्याहत्तर थेरींच्या गाथा आहेत. त्यांत पुण्णा नावाची थेरी आहे. ती पूर्वी पाणी वाहणारी दासी होती. मालकिणींच्या मारझोडीच्या आणि शिव्यांच्या भीतीने ती कडाक्याच्या थंडीतही नदीत उतरत असे. तेथे कुडकुडत स्नान करणाऱ्या ब्राह्मणाला ती विचारते, मी धाकाने पाण्यात उतरते, तुम्ही कोणाच्या धाकाने उतरता? तो म्हणतो, पाप धुण्यासाठी. त्यावर ती म्हणते, पाण्याने पाप धुतले जात असेल तर बेडूक, कासवे, साप आणि मगरी हे सर्व स्वर्गाला जातील. आणि नदी पाप वाहून नेत असेल तर ती पुण्यही वाहून नेईल, मग हाती काय उरेल?

हा उपरोध आहे. पण यात कोणाचा द्वेष नाही. संवादाच्या शेवटी तो ब्राह्मण बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण जातो. ज्या उपरोधाने समोरचा माणूस विचाराला लागतो तो उपरोध, आणि ज्याने तो केवळ दुखावतो ती शिवी, हा भेद आपल्या वक्त्यांनी आणि शाहिरांनी ध्यानी ठेवावा.

अम्बपाली ही वैशालीची गणिका. तिच्या गाथेत विरोध आणि पालुपद या दोन युक्तींचा मेळ आहे. केस, डोळे, दात, कंठ असा एकेक अवयव घेऊन तो तारुण्यात कसा होता आणि वार्धक्यात कसा झाला, हे ती समोरासमोर ठेवते. आणि प्रत्येक कडव्याच्या अखेरीस सत्य सांगणाऱ्या बुद्धांचे वचन खोटे होत नाही या आशयाचे पालुपद येते. पालुपद म्हणजे केवळ पुनरुक्ती नव्हे. तेच शब्द पुन्हा येतात, पण मधल्या कडव्याने त्यांचे वजन वाढलेले असते. आपल्या भीमगीतांतून आणि पाळण्यांतून आपण हीच युक्ती रोज ऐकतो.

थेरगाथेत सुनीत थेराची गाथा आहे. वाळलेली फुले झाडून टाकणे हे त्याचे काम होते; हलक्या कुळात जन्मल्यामुळे लोक त्याचा तिरस्कार करीत. त्याने भगवंतांना येताना पाहिले, खांद्यावरची कावड खाली ठेवली, वंदन करून प्रव्रज्या मागितली, आणि भगवंतांनी 'ये, भिक्खू' म्हणून त्याला संघात घेतले. ही हकीकत स्वतः सुनीत सांगतो. यास प्रथमपुरुषी निवेदन म्हणतात. 'तो हलका होता' असे दुसऱ्याने सांगणे आणि 'मला हलका मानले' असे ज्याचे त्याने सांगणे, यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. पहिल्यात फार तर कणव असते. दुसऱ्यात साक्ष असते.

ही साक्ष पुढे आपल्या मराठी साहित्यात उभी राहिली. बाबूराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ साली आला. त्यातील त्याच नावाच्या कथेत रेल्वेत नोकरी मिळालेला तरुण आपली जात न सांगता खोली घेऊन राहतो, आणि जात कळताच मार खातो. ही कथा तो तरुण 'मी' म्हणून सांगतो. शीर्षकच पाहा. चोरी वस्तूची होते. येथे स्वतःचीच जात लपविली म्हणून माणूस चोर ठरतो. त्याने कोणाचे काहीही घेतलेले नाही, तरी शिक्षा त्यालाच. या एका शब्दात सर्व उपरोध भरलेला आहे. दया पवार यांच्या १९७८ च्या 'बलुतं' या आत्मकथनात दगडू मारुती पवार आणि शिकलेला दया पवार अशी एकाच माणसाची दोन रूपे समोरासमोर बसतात आणि एक दुसऱ्याला आपली कहाणी सांगतो. शिकून शहरात आलेल्या माणसाचा मागे राहिलेल्या स्वतःशी होणारा हा संवाद आहे. बलुते हा गावकामाच्या मोबदल्यात मिळणाऱ्या धान्याच्या वाट्याचा शब्द; लेखकाने तो आपल्या वाट्याला आलेल्या दुःखाला दिला आणि ते रूपक झाले.

कथानक आणि कारण

कथा म्हणजे घटनांची मालिका आणि कथानक म्हणजे त्या घटनांना जोडणारी कारणांची साखळी. 'हे घडले, मग ते घडले' ही झाली कथा. 'हे घडले म्हणून ते घडले' हे कथानक. कारण पटले नाही की कथानक लुळे पडते.

या दृष्टीने बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाची कथा कशी तपासली ते पाहण्यासारखे आहे. परंपरेने सांगितले जाते की सिद्धार्थाने म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी अशी चार दृश्ये पाहिली आणि घर सोडले. १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेब विचारतात, की एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर कधी रोगी किंवा मृत माणूस पाहिला नसेल, हे बुद्धीला पटते काय? हे कारण बुद्धीला पटत नाही म्हणून त्यांनी ते नाकारले. त्यांच्या ग्रंथात शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा येतो. शाक्यसंघाने युद्धाचा ठराव केला, सिद्धार्थाने त्याला विरोध केला, आणि त्या विरोधातून त्याला गृहत्याग करावा लागला. पहिल्या कथानकात माणूस दुःख पाहून घर सोडतो. दुसऱ्यात तो अन्यायाला नकार देऊन घर सोडतो. नायक तोच, प्रसंग तोच, पण कारण बदलताच कथेचा अर्थ बदलला. जो श्रद्धेच्या ग्रंथालाही 'हे कारण पटते काय?' असे विचारू शकतो, तोच खरा वाचक.

'नायक' या शब्दाविषयी दोन शब्द. जुन्या नाट्यशास्त्रात नायक बहुधा उच्च कुळातला असे. अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' ही कादंबरी १९५९ साली आली. दुष्काळात उपाशी माणसांसाठी धान्य लुटणारा मांग समाजातील फकिरा तिचा नायक आहे, आणि ती बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीस अर्पण केलेली आहे. त्याआधी १९५८ साली मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनात अण्णा भाऊंनी पुराणातील शेषाची कल्पना उलटवून सांगितले, की पृथ्वी तरली आहे ती कष्टकऱ्यांच्या तळहातावर. जुने मिथक मोडून त्याच्या जागी माणूस उभा करणे, ही नव्या साहित्याची एक मोठी युक्ती आहे.

रंगभूमीवरचा विदूषक

नाटकाचा प्राण संघर्ष होय. दोन इच्छा, दोन विचार समोरासमोर आले की नाटक सुरू होते. उपलब्ध संस्कृत नाटकांत फार जुने म्हणून ज्यांचा उल्लेख होतो त्यांत बौद्ध महाकवी अश्वघोष यांचे 'शारिपुत्रप्रकरण' आहे. मध्य आशियात सापडलेल्या ताडपत्रांच्या तुकड्यांवरून हाइनरिश ल्यूडर्स या जर्मन पंडिताने १९११ साली ते प्रकाशात आणले. विषय आहे शारिपुत्र आणि मौद्गल्यायन यांच्या धम्मदीक्षेचा. म्हणजे आपण ज्या अनुभवातून गेलो, तोच या नाटकाचा विषय.

त्यात विदूषक शारिपुत्राला अडवितो. तुम्ही ब्राह्मण, तुम्ही क्षत्रियाचा उपदेश कसा घ्यावा, असे तो विचारतो. शारिपुत्र उत्तर देतो, की औषध हलक्या कुळातील माणसाने दिले तरी रोग्याला गुण येतोच. उन्हाने तापलेल्याला पाणीही तसेच शांत करते. दीक्षा घेताना आपणांसही नातलगांनी, शेजाऱ्यांनी, कधी अधिकाऱ्यांनी असेच प्रश्न विचारले. त्या प्रश्नांना रंगभूमीवर इतक्या पूर्वी उत्तर दिले गेले आहे, हे आपल्या मुलांना ठाऊक असू द्या.

अश्वघोषांच्या नाटकात विदूषकाच्या तोंडून जुना समज बोलतो. जोतीराव फुले यांनी १८५५ साली लिहिलेल्या 'तृतीय रत्न' या नाटकात विदूषकाचे काम उलटे आहे. जोशी एका गरोदर कुणबी बाईला ग्रहांची भीती घालून तिच्या नवऱ्याला नाडतो, आणि विदूषक मधूनमधून पुढे येऊन त्या लबाडीचे वाभाडे काढतो. हसविणारे पात्र येथे शिक्षक झाले आहे. दक्षिणा प्राइज कमिटीने या नाटकाला आश्रय दिला नाही. ते प्रथम छापले गेले १९७९ साली. एका विदूषकाला तोंड उघडण्यासाठी सव्वाशे वर्षे वाट पाहावी लागली.

संस्कृत नाटकात कोणी कोणती भाषा बोलावी याचाही दंडक होता. राजा संस्कृत बोलणार. स्त्रिया आणि सेवक प्राकृत. तरीही कधी कधी प्राकृतातच सर्वांत मोठे वाक्य येते. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'त निरपराध चारुदत्ताला वधस्थानी नेणारे चांडाळ म्हणतात, की चांडाळ कुळात जन्मलो तरी आम्ही चांडाळ नव्हे. सज्जनाला छळणारे तेच पापी, तेच चांडाळ. आणि खरा अपराधी तर राजाचा मेहुणा आहे! पात्राच्या तोंडची भाषा हलकी ठरविली म्हणून त्याचा विचार हलका ठरत नाही. भगवंतांनी आपला उपदेश लोकांनी आपापल्या भाषेत शिकावा असे सांगितले, त्याचे महत्त्व येथे कळते. भीमराव कर्डक यांच्यासारख्या जलसाकारांनी तमाशाचा परिचित साचा घेऊन त्यात शिक्षण आणि स्वाभिमान भरला, तेही आपल्या माणसांच्या भाषेत.

प्रतीक आणि त्याची पूजा

शेवटची संज्ञा प्रतीक. एखादी वस्तू स्वतःपलीकडचा अर्थ वाहू लागली की ती प्रतीक होते. आपल्या साहित्यात पाणी हे असे प्रतीक आहे. 'दिव्यावदाना'तील शार्दूलकर्णाच्या कथेत आनंद हा प्रकृती नावाच्या चांडाळकन्येकडे पाणी मागतो. आपण चांडाळाची मुलगी असल्याचे ती सांगते. तो म्हणतो, मी कूळ विचारले नाही, पाणी मागितले. रवींद्रनाथ ठाकूर यांनी या कथेवरून १९३३ साली 'चंडालिका' हे नाटक लिहिले. आणि २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा त्या ओंजळीत तहानेपेक्षा अधिक काही होते. मात्र तेथील पाणी प्रथम खरे पाणी होते आणि मग प्रतीक होते. कायद्याने सर्वांसाठी मोकळे झालेले तळे प्रत्यक्षात बंद होते. खऱ्या तळ्यावर खरा हक्क मागितला, म्हणूनच ते प्रतीक झाले.

सांची आणि भारहूत येथील प्राचीन शिल्पांत भगवंतांची मूर्ती नाही. बोधिवृक्ष, धम्मचक्र, पदचिन्हे, रिकामे आसन यांनी त्यांचे अस्तित्व सुचविले आहे. प्रतीक बोट दाखविते. बोटाकडेच पाहत बसलो तर दाखविलेली दिशा राहून जाते. बोधिवृक्षाचे पान घरात लावावे. पण त्याला नवस बोलू लागलो, तर 'सारखा' हा शब्द आपणही पुसला असे होईल, आणि जी चूक दुसऱ्यांनी केली तीच नव्या नावाने आपल्या घरात येईल.

घरी काय करावे

आता कर्तव्याचे बोलतो. रविवारी संध्याकाळी घरातील सर्वांनी एकत्र बसून एक गाथा, एक सुत्त किंवा एक कथा वाचावी. वाचता येणाऱ्या मुलाने वा मुलीने मोठ्याने वाचावे. आजीआजोबांनी ऐकावे आणि प्रश्न विचारावेत. चार प्रश्न पुरेत. कशाला कशासारखे म्हटले आहे, आणि ते किती अंशाने खरे आहे? बोलतो कोण, आणि गप्प कोण बसविला आहे? जे घडले त्याचे सांगितलेले कारण बुद्धीला पटते काय? हे वाचून माणूस वाकतो की उभा राहतो? शाळेच्या पुस्तकातील धड्यालाही हेच प्रश्न विचारावेत, आणि आमच्या या पाक्षिकातील लेखालाही.

जाता जाता एक उपमा आपल्या हवाली करतो. निरनिराळ्या नद्या महासागराला मिळाल्या की त्यांची पूर्वीची नावे उरत नाहीत. तसेच चारही वर्णांतून संघात आलेल्यांचे होते, असे भगवंतांनी सांगितले. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी हीच उपमा आपल्यासमोर ठेवली. ती आपण सभेत टाळ्या वाजवून ऐकतो. परंतु मुलामुलीचे लग्न जमविण्याची वेळ आली की आपल्यापैकी काही कुटुंबे हळूच जुन्या पोटजातीची चौकशी करतात. समुद्रात उतरून कोणत्या नदीचे पाणी कोणते, हे शोधीत बसण्यासारखेच ते आहे. ज्या उपमेचे मर्म आपल्या घरच्या लग्नात दिसत नाही, ती आपण पाठ केली असेल, समजून घेतलेली नाही.

पुरुषसूक्ताच्या बाबतीत रूपकाला अक्षरशः खरे मानल्याने अनर्थ झाला. सागराची उपमा तशी नाही. ती खरी करून दाखविणे हे पूर्वीच्या कोणा कवीच्या हाती नाही, आपल्या हाती आहे. कोणत्या अलंकाराला प्रश्न विचारायचा आणि कोणता आचरणात आणायचा, हे ज्याला कळले त्याच्यावर कोणत्याही पोथीची सत्ता चालणार नाही. आपल्या मुलांना व्याकरणाचे पुस्तक उघडताना हे सांगा, म्हणजे दोन गुणांसाठी पाठ केलेली उपमा त्यांना जन्मभर पुरेल.

सर्वांचे मंगल होवो. नमो बुद्धाय. जय भीम.